सुगी, खळे आणि न्याय : बायबलमधील पिकांच्या प्रतिमांचा विचार

मराठीत आपण ज्याला सुगी म्हणतो, त्यालाच कन्नडमध्ये सुग्गी म्हणतात. दोन शेजारी भाषांनी पीक हाती येण्याच्या दिवसांना एकच शब्द ठेवावा यात नवल नाही. दख्खनच्या पठारावर दोन्ही भाषांचा शेतकरी एकाच आभाळाकडे डोळे लावून बसत आला आहे. म्हणींचेही तसेच. मराठीत 'करावे तसे भरावे', तर कन्नडमध्ये 'माडिद्दुण्णो महाराय', म्हणजे 'जे केलेस ते खा, बाबा.' माणसाची करणी आणि त्याच्या ताटातला घास यांचा संबंध लोकांनी असा फार पूर्वीच जोडून ठेवला आहे.

बायबलात हाच संबंध पानोपानी दिसतो. तेथे पीक, टोळधाड, अवर्षण, खळे, सूप आणि विळा या केवळ शेतीच्या गोष्टी राहत नाहीत, तर देवाच्या न्यायाची भाषा होतात. प्रस्तुत लेखात या भाषेचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे. प्रश्न असा की, पीक बुडाले म्हणजे देवाने शिक्षा केली, असे बायबल म्हणते काय? आणि म्हणत असल्यास, ही शिक्षा कोणाला? लेखक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. त्याची नजर धर्मशास्त्रापेक्षा मापे आणि हिशेब यांकडे अधिक वळली, तर वाचकांनी ते समजून घ्यावे.

पावसावर जगणारी भूमी

प्रथम भूगोल पाहू. जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या ११ व्या अध्यायात मिसर देश व इस्राएल लोकांना मिळणारा देश यांची तुलना आहे. मिसरात नाईल नदीचे पाणी. तेथील शेती भाजीच्या मळ्यासारखी शिंपता येते. उलट कनान देश डोंगर-खोऱ्यांचा, आभाळातून पडेल तेवढेच पाणी पिणारा. आपल्या भाषेत सांगायचे तर एक बागाईत, दुसरा जिराईत.

त्या देशात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणीचा पहिला पाऊस येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये दाणा भरणारा शेवटचा. आधी जव, मग गहू कापणीला येतो. पहिला पाऊस चुकला तर पेरणी नाही, शेवटचा चुकला तर दाणा नाही. अशा देशातील माणसाला आपण कोणाच्या तरी हातात आहोत याची जाणीव दरवर्षी दोनदा होत असणार. म्हणूनच तेथे देवाशी झालेल्या कराराच्या अटी पावसाच्या व पिकाच्या शब्दांत मांडल्या गेल्या.

वीस मापांचे दहा

या करारातील शापांची यादी लेवीय २६ व अनुवाद २८ या अध्यायांत आहे. आभाळ लोखंडासारखे व जमीन पितळेसारखी होईल, दहा बायका एकाच भट्टीत भाकरी भाजतील आणि ती तोलून वाटतील, असे चित्र तेथे आहे. दहा घरांना एक चूल पुरते, यावरून घराघरांत किती पीठ उरले असेल ते कळते. दुष्काळाचे एवढे अचूक मोजमाप आकड्यांनीही क्वचितच साधते.

आकडेही आहेत. हाग्गय संदेष्टा इ. स. पू. ५२० च्या सुमारास सांगतो की, वीस मापांची रास समजून गेले तर दहाच भरली. पन्नास मापे द्राक्षरस काढायला गेले तर वीसच मिळाली. म्हणजे धान्यात निम्मी तूट आणि रसात साठ टक्के. यशयाच्या ५ व्या अध्यायातील हिशेब याहून भयंकर आहे. एक होमर बी पेरले तर एक एफा धान्य येईल, असे तो म्हणतो. दहा एफांचा एक होमर होतो. तेव्हा पेरलेल्या बियाण्याचा दहावा हिस्सा परत! शेतकऱ्याचे भांडवलच बुडाले, नफ्याचे नावच नको.

फिर्याद कोणावर?

येथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल की, ज्याचे शेत बुडाले तो पापी. परंतु याच अध्यायांत मागेपुढे पाहिले तर वेगळेच दिसते. यशयाच्या त्या हिशेबाआधी दोनच वचने, घराला घर व शेताला शेत जोडत जाणाऱ्यांचा धिक्कार आहे. गरिबांना हुसकून त्यांच्या जमिनी गिळणारे हे बडे लोक आरोपीच्या पिंजऱ्यात आहेत. द्राक्षमळा ओसाड होणार तो त्यांचा.

आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ, इ. स. पू. आठव्या शतकातला. त्याच्या ८ व्या अध्यायात पिकलेल्या फळांच्या टोपलीचा दृष्टान्त आहे. मूळ इब्री भाषेत उन्हाळी फळाला 'कायित्स' व शेवटाला 'केत्स' म्हणतात. त्या दोन शब्दांवर तेथे श्लेष साधला आहे. फळ पिकले, तसा राष्ट्राचा शेवटही पिकला. पण का? लगेच पुढे कारण येते. सणाचा दिवस कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो असे धान्याच्या व्यापाऱ्यांना झाले आहे. ते धान्याचे माप लहान ठेवतात, पैशाचे वजन मोठे ठेवतात, तराजूत खोट करतात, गव्हाच्या नावाखाली भुसकट विकतात आणि जोड्याच्या किमतीत गरिबाला विकत घेतात. मीखाच्या ६ व्या अध्यायात तर हा कार्यकारणभाव उघडच आहे. आधी खोट्या मापांचा उल्लेख आणि मग निकाल : तुम्ही पेराल, पण कापणार नाही.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे वाचून दचकायला होते. आपण वजने-मापे, साठा व बाजारभाव हे विषय परीक्षेपुरते शिकतो. आमोसने त्यांवर एका राष्ट्राचा निकाल लावला. नीतिसूत्रांच्या ११ व्या अध्यायात धान्य अडवून ठेवणाऱ्याला लोक शाप देतात आणि विकणाऱ्याला आशीर्वाद, असे आहे. साठेबाजीविरुद्धचा हा फार जुना पुरावा मानावा लागेल. उलट बाजूला रूथची कथा आहे. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावीत, असा नियम होता. त्या नियमावरच ही विधवा परदेशी सून बेथलेहेमात जगली. बेथलेहेम या नावाचा अर्थच 'भाकरीचे घर' असा आहे.

विळा कोणाच्या हाती?

नव्या करारात कापणीची प्रतिमा काळाच्या शेवटाशी जोडली जाते. बाप्तिस्मा करणारा योहान खळे उफणणाऱ्याचे चित्र काढतो : गहू कोठारात, भूस अग्नीत. मत्तय १३ मध्ये गव्हात शत्रूने निदण पेरल्याचा दाखला आहे. चाकर ते उपटायला निघतात. मालक त्यांना थांबवतो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. दोन्ही कापणीपर्यंत वाढू द्या, असे तो सांगतो.

माझ्या मते सर्व चर्चेची गुरुकिल्ली येथे आहे. कापणी होणार, पण विळा चाकरांच्या हाती नाही. शेजाऱ्याचे शेत करपलेले पाहून 'हा पापीच' असे ठरविणे म्हणजे वेळेआधी शेतात शिरणे होय. ईयोबाचे मित्र नेमके हेच करतात आणि शेवटी देवाच्या रागास पात्र होतात. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे विचारून येशू स्वतःच 'नाही' म्हणतो. ऐकणाऱ्यांनी आपापले मन तपासावे, असे बजावतो. लगेच फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. माळी मालकाकडे आणखी एका वर्षाची मुदत मागतो आणि मुळाशी खत घालण्याचे कबूल करतो. पाऊस तर नीतिमानांवर व अनीतिमानांवर सारखाच पडतो, असे मत्तय ५ सांगते.

आपल्याकडील दाखले

'पाप वाढले की पाऊस पळतो' असे आमच्याकडील म्हातारी माणसे म्हणतात. पाप कोणाचे, हे मात्र कोणी सांगत नाही. आपल्या भूमीने या प्रश्नाला दिलेली काही उत्तरे पाहू.

पंधराव्या शतकात मंगळवेढ्यास दामाजीपंत हे बेदरच्या बादशाहीचे अंमलदार होते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे लोकांना खुली केली, आणि त्याची रक्कम विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष विठोबाने बेदरला भरली, अशी कथा आहे. कथेतला देव भुकेलेल्यांना शिक्षा करीत नाही, तर त्यांच्या नावे पडलेली बाकी फेडतो.

१६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकाराम महाराजांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्यांचा व्यवसाय वाण्याचा, सावकारीही होती. परंपरा सांगते की, पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. दुसऱ्याचे पाप शोधण्याऐवजी त्यांनी आपली वही तपासली.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसे मेली. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एका पौंडावर आणले, आणि त्याच काळात हिंदुस्थानातून गहू परदेशी जातच होता. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात धान्याचा पुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. गरिबांची ते विकत घेण्याची ताकद संपली होती. आमोसने तराजूकडे बोट दाखविले ते उगाच नव्हे.

चौथा दाखला हैदराबादपासून सुमारे शंभर किलोमीटरवरचा. मेदक या नावाचा संबंध तेलुगूतील 'मेतुकु', म्हणजे भाताचे शीत, या शब्दाशी लावतात. तेथे चार्ल्स वॉकर पॉझ्नेट या मिशनऱ्याने १९१४ मध्ये मोठ्या चर्चचे बांधकाम सुरू केले आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी ते पूजेसाठी खुले झाले. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना या कामावर अन्न मिळाले, असे सांगतात. भुकेच्या वेळी धर्मप्रसार करावा काय, हा वाद रास्त आहे आणि तो टाळू नये. परंतु करपलेल्या शेतांपुढे उभे राहून केवळ शापाचे वचन न वाचता कामाला व धान्याला हात घालणे, हे त्या अंजिराच्या माळ्याचे वागणे झाले. महाराष्ट्रानेही १९७२ च्या दुष्काळातील अनुभवावरून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला.

तात्पर्य, बायबल बुडालेल्या पिकाला न्यायाची भाषा देते हे खरे. पण फिर्याद बहुधा ज्याची कणगी रिकामी त्याच्यावर नसून ज्याचे माप खोटे त्याच्यावर असते. आणि अंतिम निकाल देण्याचा अधिकार पाहणाऱ्याला नसतो. उद्या आपल्यापैकी कित्येकजण बँकेत, आडतीत किंवा सहकारी संस्थेत बसतील. त्यांच्या टेबलासमोर पीक बुडालेला शेतकरी उभा राहील, तेव्हा हा भेद लक्षात असलेला बरा. कन्नड विभागातील मित्रांनी वचन-साहित्यात सुग्गी आणि बर, म्हणजे दुष्काळ, यांचा विचार कसा आला आहे ते पुढील अंकात लिहावे, अशी विनंती आहे.