घटक ४ : तक्रारपत्र – सेवेतील त्रुटी आणि कारणाची भाषा

मागील घटकात आपण चौकशीपत्र आणि विनंतीपत्र यांचे स्वरूप पाहिले. त्या दोन्ही पत्रांत लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात सहसा वाद नसतो. तक्रारपत्राचे तसे नाही. हे पत्र ज्याच्याकडे जाते, त्याला त्यातील मजकूर मान्य नसण्याचीच शक्यता अधिक असते. त्यामुळे तक्रारपत्रातील प्रत्येक विधान आक्षेप घेणाऱ्या वाचकासमोर टिकावे लागते. प्रस्तुत घटकात आपण एकच उदाहरण सविस्तर पाहणार आहोत. सर्व्हिसिंगनंतर मोटारसायकलचे इंजिन निकामी झाले आणि गॅरेजने जबाबदारी नाकारली, असा हा प्रसंग आहे. आपल्यापैकी अनेकजण नोकरी आणि अभ्यासकेंद्र यांच्यामध्ये दुचाकीनेच ये-जा करीत असल्याने हा प्रसंग आपणास अपरिचित वाटणार नाही.

४.१ एक फसलेले पत्र

समजा, नाशिक येथील एका सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचे सर्व्हिसिंग झाले, इंजिन ऑइल बदलले गेले आणि तिसऱ्या दिवशी सिन्नरच्या रस्त्यावर इंजिन जाम झाले. गाडीमालकाने रागाच्या भरात पुढीलप्रमाणे लिहिले :

“तुमच्या बेजबाबदार मिस्त्रीने माझ्या गाडीची वाट लावली. तुमच्या सर्व्हिसिंगमुळेच इंजिन जाम झाले. माझी नुकसानभरपाई ताबडतोब द्यावी, अन्यथा परिणामांना तयार राहावे.”

यातील संताप स्वाभाविक आहे. इंजिन पुन्हा बांधण्याचा खर्च अनेकांच्या महिन्याच्या मिळकतीचा मोठा भाग खाऊन जातो. परंतु या पत्रात तारीख नाही, गाडीचा क्रमांक नाही, मीटरची नोंद नाही आणि मागणीची रक्कमही नाही. या उणिवा भरून काढणे सोपे आहे. खरी अडचण आहे ती ‘मुळे’ या शब्दात.

४.२ ‘नंतर’ आणि ‘मुळे’

‘नंतर’ हे कालवाचक शब्दयोगी अव्यय आहे, तर ‘मुळे’ कारण दाखविते. ‘सर्व्हिसिंगनंतर इंजिन जाम झाले’ हे विधान बिल आणि तारीख दाखवून सिद्ध करता येते. ‘सर्व्हिसिंगमुळे इंजिन जाम झाले’ हे विधान मात्र यंत्राच्या आत काय घडले याविषयी आहे आणि त्यासाठी वेगळा पुरावा लागतो. बोलताना आपण एकाच्या जागी दुसरे सहज वापरतो. तक्रारपत्रात ही मोकळीक महागात पडते, कारण समोरचा पक्ष नेमका तोच दुवा तोडतो. “गाडी जुनी होती, पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, इंजिन आधीपासूनच तेल खात होते,” असे उत्तर येते. आणि ते अशक्य कोटीतले नसते.

येथे यंत्राची थोडी माहिती घेणे आवश्यक आहे. सर्वसाधारण लहान मोटारसायकलच्या इंजिनात सुमारे एक लिटर तेल असते. तेल बदलताना तळाचा ड्रेन बोल्ट काढून जुने तेल वाहू देतात, बोल्ट वॉशरसह पुन्हा आवळतात आणि वरून नवे तेल भरतात. बोल्ट सैल राहिला किंवा वॉशर नीट बसला नाही, तर तेल बाहेर झिरपते. तेल संपत आले की घर्षणाने पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो. पुष्कळ लहान मोटारसायकलींना तेलाचा दाब कमी झाल्याची सूचना देणारा दिवाच नसतो, हेही ध्यानात ठेवावे. झिजलेल्या रिंगांतून जळणारे तेल धुराच्या रूपाने सायलेन्सरमधून जाते. ड्रेन बोल्टमधून गळणारे तेल इंजिनाच्या तळाशी आणि गाडी उभी केलेल्या जागी डाग सोडते. म्हणजे ‘नंतर’पासून ‘मुळे’पर्यंतचा रस्ता या डागांवरून जातो. म्हणूनच इंजिन उघडण्यापूर्वी छायाचित्रे घेणे, गॅरेजच्या प्रतिनिधीसमक्ष उरलेले तेल मोजणे आणि बदललेले सुटे भाग परत मागून घेणे या गोष्टी पत्र लिहिण्याआधीच कराव्या लागतात. एकदा इंजिन धुऊनपुसून उघडले की पत्रलेखकाचे कौशल्य फारसे उपयोगी पडत नाही.

४.३ सुधारलेला मसुदा

“दि. १० जून रोजी आपल्या केंद्रात माझ्या मोटारसायकलचे सर्व्हिसिंग करण्यात आले. जॉबकार्डावर ‘इंजिन ऑइल बदलणे’ अशी नोंद असून बिलात एक लिटर तेलाची किंमत आकारलेली आहे. गाडी ताब्यात घेताना मीटरवर ३१,४६२ कि.मी. ही नोंद होती. दि. १३ जून रोजी सिन्नरजवळ इंजिन बंद पडले, तेव्हा ३१,६०८ कि.मी. ही नोंद होती. त्यानंतर किक खाली जात नव्हती. ड्रेन बोल्टभोवती ताजे तेल पसरलेले होते. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. दि. १४ जून रोजी आपल्या प्रतिनिधीसमक्ष उरलेले तेल काढले असता ते सुमारे १५० मि.लि. भरले. यावरून तेल बदलल्यानंतर ड्रेन बोल्ट पुरेसा आवळला गेला नसावा, असे दिसते.”

या मसुद्यात एकही विशेषण गॅरेजच्या वाट्याला आलेले नाही. १४६ कि.मी. हे अंतर वाचणारा स्वतःच काढतो आणि एवढ्या अंतरात जवळजवळ सगळे तेल गेले कोठे, हा प्रश्नही त्यालाच पडतो. शेवटच्या वाक्यातील ‘नसावा’ हे विध्यर्थी रूप पाहा. तर्क व्यक्त करणे हे विध्यर्थाचे एक कार्य आहे, हे आपण व्याकरणाच्या अभ्यासात पाहिले आहे. ‘आवळला नाही’ असे लिहिले असते, तर तक्रारदाराने न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगितली असती. काहींना ‘नसावा’ हा शब्द कच खाल्ल्यासारखा वाटतो. तो तसा नाही. पाहिलेले आणि अनुमानलेले यांतील सीमारेषा तो आखतो, आणि त्यामुळे आधीच्या सर्व विधानांची विश्वासार्हता वाढते.

‘मिस्त्रीने’ हा कर्ताही येथे गाळला आहे. बोल्ट कोणी आवळला, हे तक्रारदारास ठाऊक नाही. शिवाय मोबदला केंद्राने घेतला असल्याने उत्तर देण्याची जबाबदारीही केंद्राचीच आहे. एखाद्या कामगारावर बोट ठेवले, तर मालक त्याचा पगार कापून मोकळा होईल आणि गाडीमालकाचा प्रश्न तसाच राहील. ‘करण्यात आले’ ही कर्मणी वळणाची रचना येथे न्याय्य ठरते. मात्र हीच रचना गॅरेजच्या उत्तरात आली, तर सावध व्हावे. “गाडी तपासून देण्यात आली होती” या वाक्यात कोणी तपासली, काय तपासले आणि त्याची नोंद कोठे आहे, हे तिन्ही मुद्दे झाकले जातात. प्रत्युत्तरात नेमके तेच विचारावेत.

मागणी लिहिताना दुरुस्तीचा खर्च, गाडी वाहून नेणाऱ्या टेम्पोचे भाडे आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांसारखी निश्चित मुदत यांचा स्वतंत्र उल्लेख करावा. पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवावी.

४.४ पत्रापुढील वाट

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला. पैसे घेऊन दिलेल्या सेवेच्या दर्जातील किंवा पद्धतीतील उणीव ही या अधिनियमानुसार सेवेतील त्रुटी ठरते. संबंधित माहिती ग्राहकापासून हेतुपुरस्सर दडवून ठेवणे हेही त्यात येते; ही तरतूद फारशी कोणाच्या लक्षात नसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तेवढ्याने भागले नाही, तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. सेवेचा मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. सेवेत त्रुटी होती हे दाखविण्याचे ओझे मात्र तक्रारदारावरच असते. तेथे आपले पहिले पत्र पुरावा म्हणून वाचले जाते, आणि त्यातील ‘नंतर’ व ‘मुळे’ समोरचा वकीलही वाचतो.

आपली प्रगती तपासा

१. “नवी बॅटरी बसवल्यामुळे गाडीची वायरिंग जळाली.” या वाक्यातील सिद्ध करता येणारा भाग आणि अनुमानाचा भाग वेगळे करून ते दोन वाक्यांत लिहा.

२. “आमच्याकडून योग्य ती काळजी घेण्यात आली होती,” असे उत्तर गॅरेजकडून आले आहे. त्यास सहा ते आठ ओळींचे प्रत्युत्तर लिहा. त्यात एकही विशेषण वापरू नका.

३. आपल्या घरातील एखाद्या वाहनाच्या किंवा उपकरणाच्या दुरुस्तीचे जुने बिल पाहा. वाद उद्भवल्यास त्यातील कोणत्या नोंदी उपयोगी पडतील आणि कोणत्या नोंदी त्यात असायला हव्या होत्या, ते लिहा.