वावडे आणि त्याची नोंद

महाराष्ट्रातील घराघरांतून 'वावडे' हा शब्द ऐकू येतो. कोणाला वांग्याचे वावडे असते, कोणाला भुईमुगाच्या दाण्यांचे. तो पदार्थ पोटात गेला की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. आपण म्हणतो, 'पित्त उठले'. लखनौकडील लोक हेच लक्षण 'पित्ती उछलना' असे सांगतात. वैद्य त्यास शीतपित्त म्हणतील आणि डॉक्टर 'अर्टिकेरिया' असे लिहितील. विकार एक, नावे अनेक. रोग्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचे त्यामुळे काही अडत नाही. परंतु लखनौ जिल्ह्यात आणि पुणे जिल्ह्यात वर्षभरात असे किती रोगी झाले, हे मोजावयाचे ठरविले की नावांच्या या विविधतेमुळे मोजणीच अशक्य होते. यासाठी प्रत्येक निदानास एक ठरावीक संकेतांक देण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे. ॲलर्जीच्या विकारांस हे संकेतांक कसे देतात आणि त्यांतील अचूकपणावर रोग्याचे जीवितही कसे अवलंबून असते, ते या पाठात पाहू.

या पद्धतीचा इतिहास थोडक्यात असा आहे. पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख झाक बेर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या बैठकीत मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. १९०० साली पॅरिस येथे तिची पहिली सुधारणा झाली. १९४८ मधील सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि केवळ मृत्यूच नव्हे, तर आजारही त्या यादीत मोजले जाऊ लागले. दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. तिच्यातील प्रत्येक संकेतांकात आरंभी एक रोमन अक्षर व त्यापुढे अंक असतात. श्वसनाच्या रोगांना 'जे', त्वचेच्या रोगांना 'एल', अशी ही वाटणी आहे.

'ॲलर्जी' हा शब्द मात्र बेर्तियाँच्या यादीहून वयाने लहान आहे. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी तो १९०६ साली योजिला. आपले शरीर रोगजंतूंपासून स्वतःचे रक्षण करते. परंतु काही व्यक्तींच्या बाबतीत हीच संरक्षणव्यवस्था परागकण, अन्न किंवा औषध यांसारख्या निरुपद्रवी वस्तूलाही शत्रू समजते. पहिल्या संपर्कात ती वस्तू शरीराच्या ओळखीची होते आणि पुढच्या संपर्कात त्रास सुरू होतो. कित्येक प्रकारांत शरीरातील विशिष्ट पेशींमधून हिस्टॅमीन नावाचे द्रव्य एकदम बाहेर पडते. त्यामुळे शिंका, खाज व सूज ही लक्षणे दिसतात.

आता अशी कल्पना करा, की लखनौच्या एका रुग्णालयात एकाच सकाळी चार माणसे आली आहेत.

पहिला मलिहाबादचा बागवान. आंबे उतरविताना देठाचा चीक हातावर पडून त्याची कातडी लाल झाली आहे व तीवर फोड आले आहेत. हा वनस्पतीच्या स्पर्शाने झालेला ॲलर्जीजन्य त्वचादाह होय, असे डॉक्टरांचे निदान आहे. त्याचा संकेतांक एल २३.७.

दुसरा एक विद्यार्थी. फुलोऱ्याच्या दिवसांत त्याला शिंकांवर शिंका येतात व नाक गळते. परागकणांमुळे होणारा हा नासादाह. त्याचा संकेतांक जे ३०.१.

तिसरी एक गृहिणी. तिला पेनिसिलीनचे इंजेक्शन देताच काही मिनिटांत श्वास कोंडला, रक्तदाब उतरला आणि ती बेशुद्ध पडली. ॲलर्जीच्या या सर्वांत भयंकर प्रकारास 'ॲनाफिलॅक्सिस' म्हणतात. मांडीच्या स्नायूत तत्काळ अ‍ॅड्रेनलिन टोचले म्हणून तिचे प्राण वाचले. योग्य औषध योग्य रीतीने देऊनही असा आघात झाल्यास संकेतांक टी ८८.६ लागतो आणि ते औषध पेनिसिलीन होते हे सांगण्यासाठी वाय ४०.० हा दुसरा संकेतांक त्यास जोडतात.

चौथा एक वृद्ध गृहस्थ. ते केवळ मोतीबिंदू दाखविण्यास आले आहेत. आज त्यांना ॲलर्जीचा काहीही त्रास नाही, परंतु अनेक वर्षांपूर्वी पेनिसिलीनने त्यांचा जीव धोक्यात आला होता. त्यांच्या कागदावर झेड ८८.० हा संकेतांक पडतो. हा रोगाचा संकेतांक नव्हे, पूर्वेतिहासाचा आहे. पुढच्या डॉक्टरला दिलेली ती सूचना आहे.

या चार उदाहरणांवरून वाचकांच्या ध्यानात येईल, की ॲलर्जीची नोंद करताना तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. काय झाले? कशामुळे झाले? पुढे कोणता धोका राहिला? गृहिणीच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लिहिली, पण घरी पाठविताना तिच्या कागदावर झेड ८८.० लिहिण्याचे राहून गेले, तर सहा महिन्यांनी दुसऱ्या गावचा डॉक्टर तिला तेच इंजेक्शन देण्याचा संभव आहे. एका ओळीची हयगय तिच्या जिवावर बेतेल.

याच्या उलट चूकही घडते. लहानपणी औषध घेताना अंगावर थोडे पुरळ आले, एवढ्यावरून पुष्कळांच्या माथी पेनिसिलीनच्या ॲलर्जीचा शिक्का बसतो. तज्ज्ञांनी रीतसर परीक्षा केल्यावर त्यांपैकी बहुतेकांना ती ॲलर्जी नसल्याचे आढळते. परंतु शिक्का पुसला जाईपर्यंत त्यांना एका स्वस्त व गुणकारी औषधास मुकावे लागते. तेव्हा संकेतांक लिहिणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो तपासून पाहणे व चुकीचा ठरल्यास काढून टाकणेही महत्त्वाचे आहे.

तिसरा दोष आळसाचा. 'ॲलर्जी, अनिर्दिष्ट' असाही एक संकेतांक आहे, टी ७८.४. कारण खरोखरच कळले नसेल तर तो लिहिणे योग्य आहे. पण कारण ठाऊक असूनही तोच लिहिला, तर रोगी मोजला गेला तरी त्याच्याविषयी काहीच कळले नाही असे होते.

संकेतांकांना स्वतःच्या मर्यादाही आहेत. धोबी कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरीत. ती खूण मानेस लागून कित्येकांची कातडी उतत असे. बिब्बा व आंबा ही झाडे एकाच कुळातील आहेत. गाजरगवत मात्र अगदी वेगळ्या कुळातील. भारतात त्याची शास्त्रीय नोंद पुण्याहून १९५६ साली प्रसिद्ध झाली. पुढे ते देशभर पसरले आणि शेतकऱ्यांना त्यापासून चिवट त्वचारोग होऊ लागला. आंब्याचा चीक, बिब्बा व गाजरगवत या तिहींच्या ॲलर्जीचा संकेतांक मात्र एकच, एल २३.७. म्हणून संकेतांकाशेजारी वनस्पतीचे नावही शब्दांत लिहिले पाहिजे. येथे वनस्पतिशास्त्र वैद्यकाच्या मदतीस येते. लखनौच्या सिकंदरबागेतील राष्ट्रीय वनस्पतिशास्त्रीय संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी वनस्पतींची पक्की ओळख पटविता येते.

दहाव्या आवृत्तीत ॲलर्जीचे विकार नाक, त्वचा, विषबाधा अशा निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेले होते. ॲनाफिलॅक्सिसने आलेले मृत्यू त्यामुळे अन्य कारणांच्या सदरांत दडून जात आणि त्यांचा खरा आकडा कमी दिसे. जी गोष्ट मोजली जात नाही, तिच्यासाठी औषधाचा साठाही कोणी करीत नाही. २०१९ साली संमत झालेली व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेली अकरावी आवृत्ती ही उणीव बऱ्याच अंशी दूर करते. तिच्यात ॲलर्जी व अतिसंवेदनशीलतेच्या विकारांना रोगप्रतिकारसंस्थेच्या प्रकरणात स्वतंत्र विभाग दिला असून ॲनाफिलॅक्सिसला ४ए८४ हा संकेतांक आहे. अन्न, औषध व कीटकदंश ही कारणे त्याखाली वेगळी दाखविली आहेत.

संकेतांक लिहिणे हे डॉक्टरांचे व नोंदलेखकांचे काम खरे. परंतु त्याचा आरंभ रोग्याच्या तोंडच्या शब्दांपासून होतो. 'मला औषध सोसत नाही' एवढे सांगणे पुरेसे नाही. कोणते औषध, ते घेतल्यावर किती वेळाने त्रास झाला, काय झाले, कोणत्या साली झाले, हे वाचकांनी आपल्या घरातील प्रत्येकासाठी एका कागदावर लिहून ठेवावे व डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्यावा. आजीला ठाऊक असलेले वावडे कागदावर उतरले, म्हणजे ते परगावच्या डॉक्टरलाही वाचता येते.