पडदा गोठला, तरी संगणक जागा असतो

निबंध टंकित करीत असता संगणकाचा पडदा एकाएकी निश्चल होतो, आणि आपला हात आपोआप विजेच्या बटणाकडे वळतो. त्यायोगे न साठविलेले लेखन नष्ट होतेच, शिवाय उघड्या फायलींनाही अपाय होण्याचा संभव असतो. लिनक्स प्रणालीत याहून शहाणपणाचा एक मार्ग आहे. त्याचे नाव आभासी कन्सोल.

लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील तरुणाने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, ०.१२ या आवृत्तीत आभासी कन्सोलची सोय आली. गोव्याच्या शाळांनाही लिनक्स परका नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या उपक्रमातून परदेशांतील वापरलेले संगणक येथील शाळांत आले व त्यांवर लिनक्स चालू लागले.

ही कल्पना समजण्यास पेडण्याच्या देशप्रभूंच्या वाड्याचे उदाहरण घ्या. वाडा एक, पण चौक अनेक. एका चौकात गोंधळ झाला म्हणून दुसऱ्यातले काम थांबत नाही. तद्वत पडदा एक, कळफलक एक, पण आत कामाच्या जागा अनेक. चित्रमय पडद्यावरून कंट्रोल व ऑल्ट या कळा दाबून धरून एफ ३ दाबली, की अक्षरमय कन्सोल उघडतो. तेथून दुसऱ्या कन्सोलवर जाण्यास केवळ ऑल्ट व एफ-कळ पुरते. परतण्याची कळ मात्र सर्वत्र एक नाही: आजच्या बऱ्याच वितरणांत ती एफ १ किंवा एफ २, तर जुन्या वितरणांत एफ ७ असते. परवलीचा शब्द टंकताना अक्षरे दिसत नाहीत. तो दोष नव्हे, ती दक्षता होय. आत गेल्यावर अडलेला एकच कार्यक्रम थांबविता येतो, व बाकीच्यांतील काम बहुधा वाचते.

परंतु कळा दाबूनही काहीच घडले नाही तर? तेथे त्रागा नको, क्रम हवा.

पहिली शंका कळांविषयी घ्यावी. अनेक लॅपटॉपवर एफ-कळा मुळात आवाज वा उजेड कमीजास्त करतात. अशा यंत्रावर त्याच जोडीत एफ-एन ही कळही दाबावी.

दुसरी शंका जागेविषयी. लिनक्स व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी यंत्रात चालत असेल, तर या कळा बाहेरची प्रणालीच गिळते. तेथे व्हर्च्युअलबॉक्सची होस्ट-कळ व एफ-कळ दाबली, की संदेश आत पोहोचतो.

तिसरी शंका मांडणीविषयी. पडदा नीट चालत असता टर्मिनलमध्ये ‘सुडो’ व ‘सीएचव्हीटी’ हे शब्द रोमन लिपीत टंकून पुढे ३ हा अंक द्यावा. या आज्ञेने कन्सोल उघडला, तर कन्सोल शाबूत आहे व खोट कळांच्या वाटेत आहे, हे सिद्ध होते. एक्स पडदा-प्रणालीत अशी अदलाबदल मुद्दाम बंदही ठेवता येते. तेव्हा ती मांडणी तपासावी.

चौथी शंका पडद्याच्या प्रणालीचीच. कळा तीच झेलते. ती पूर्ण अडली, तर संदेश पुढे जात नाही. अशा वेळी ऑल्ट, सिसआरक्यू व आर या कळांनी कळफलक तिच्या हातून सोडविता येतो. मात्र कित्येक वितरणांत ही सोय बंद असते. एसएसएचची व्यवस्था आधी करून ठेवलेली असेल, तर दुसऱ्या संगणकावरून आत जाता येते.

आपल्या भाषेपुरते एक वैगुण्यही जाणून असावे. या कन्सोलच्या अक्षरसंचात २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या मावतात, आणि जोडाक्षरे घडविण्याची शक्ती त्यात नाही. म्हणून मराठी नावाची फाइल तेथे चौकटींच्या रूपात दिसली, तरी ती बिघडली असे समजून पुसू नये. तिच्यातील मजकूर सुरक्षित असतो.

पेडणे असो वा डिचोली, पावसाळ्यात वीज अवचित जाते. त्यावर आपला इलाज नाही. परंतु स्वतःच्या हाताने वीज तोडण्यापूर्वी या चार शंका क्रमाने तपासणे आपल्या स्वाधीन आहे. संगणक चांगला चालू असतानाच हा सराव एकवार करून पाहावा. अडचणीच्या घटकेला तोच उपयोगी पडतो.