४२ मेगापिक्सेल कायले पाहिजेत?

बाई, तुझा मेसेज वाचला आणि त्या जाहिरातीतले सगळे फोटोही मोठे करून पाहिले. सोनीचा ए७आर-टू, खोक्यासकट, दोन बॅटऱ्या, आणि खाली ठळक अक्षरात '४२ मेगापिक्सेल, फुल फ्रेम'. तुझं मन केव्हाच बसलंय त्याच्यावर, हे तुझ्या त्या पाच उद्गारचिन्हांवरूनच कळतं. आता ताईनं फक्त 'घे' म्हणावं, म्हणजे आईपुढे माझं नाव करायला तू मोकळी. आई तर म्हणेलच, "या पोट्टीले कॅमेऱ्याचं येडच लागलं हाय." मी अकोल्याच्या लॅबमध्ये रोज लोकांचे अल्बम छापते. कोणत्या कॅमेऱ्यातून काय येतं आणि कागदावर त्याचं काय होतं, ते माझ्या डोळ्यांखालून जातं. तेवढं तुला सांगते. मग ठरव तू.

जुना आहे म्हणून नाक मुरडू नको, हे आधी सांगते. हा कॅमेरा २०१५ सालचा. सेन्सरच्या तारा प्रकाश टिपणाऱ्या थराच्या मागे नेऊन ठेवलेला हा पहिलाच फुल फ्रेम कॅमेरा होता. पुढचा अडथळा गेल्यामुळे कमी उजेडातही तो छान काम करायचा. हात हलला तर सावरून घेणारी सोय बॉडीतच. सेन्सर वापरून सहसा झिजत नाही. त्या साली तो जसा फोटो काढायचा, तसाच आजही काढेल. झिजतं ते बाकीचं: शटर, बॅटरी, बटणं, कार्डाचं झाकण. आणि दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा सुटा भाग सर्व्हिस सेंटरला मिळेल की नाही, हे फोन करून विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आता मला सांग, तुझा फोटो शेवटी जातो कुठे?

लग्नाचा अल्बम घे. उघडल्यावर १२ बाय ३६ इंच, म्हणजे एक पान १२ बाय १८. आम्ही इंचाला ३०० ठिपके धरतो. पूर्ण पानभर नवरीचा एकच फोटो लावला तरी ५४०० गुणिले ३६०० ठिपके लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. तुझ्या आत्ताच्या कॅमेऱ्यात, २००डी मध्ये, २४ आहेत. पान भरून वर थोडी कातरायलाही जागा उरते. चौकात वाढदिवसाचं फ्लेक्स लागतं, त्याला तर इंचाला त्याहून कितीतरी कमी ठिपके पुरतात, कारण ते कोणी वीतभर अंतरावरून पाहत नाही. नवरीची आत्या फोटो पाहणार मोबाइलवर, आणि व्हॉट्सॲप तो पाठवतानाच बारीक करून टाकतं. घरी मोठा फोर-के टीव्ही असला, तरी त्याच्या पडद्यावर ८३ लाखच ठिपके. सव्वाआठ मेगापिक्सेल. बाकीचे तुझ्या हार्ड डिस्कमध्ये झोपून राहणार.

आणि २४ चे ४२ झाले म्हणजे फोटो जवळजवळ दुप्पट झाला, असं वाटतं ना? तो आकडा क्षेत्रफळाचा आहे. रुंदीत मोजलं तर ६००० ठिपक्यांचे ७९५२ होतात, जेमतेम एकतृतीयांश जास्त. छापील पानावर हा फरक भिंग लावून शोधावा लागतो. मी रोज भिंग लावते म्हणून सांगते.

पण तुझ्या मनात लग्नं नाहीतच, हे मला माहीत आहे. तुझ्या मनात अंबाबरवा आहे. आपलं सोनाळं सातपुड्याच्या पायथ्याशी, अभयारण्य दारात, पलीकडे सगळा मेळघाट. तुला पाखरांचं वेड लागलं नसतं तरच नवल. तू लिहिलंस की ४२ मेगापिक्सेल असले की दूरचं पाखरू कातरून मोठं करता येईल. इथंच तुझा हिशेब चुकतोय, बाई. थोडी आकडेमोड करते, कंटाळू नको.

रानपिंगळा घेऊ, कारण तुला तोच पाहिजे. १८८४ नंतर तो कोणाच्या नजरेस पडला नव्हता, नामशेष झाला असंच धरून चालले होते. मग १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या रानात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो पुन्हा दिसला. मेळघाटच्या सागवानात तो आहे, आणि दिवसाउजेडी फिरतो ही तुझ्या फायद्याची गोष्ट. उंची सुमारे २३ सेंटिमीटर, एक वीत. समज, तो जिप्सीपासून २० मीटरवर बसलाय. तुझ्याकडची सगळ्यात लांब लेन्स ५५-२५० मिलिमीटरची. २५० वर नेलीस तर सेन्सरवर त्याची सावली पडणार तीन मिलिमीटरहूनही कमी. तुझ्या २००डी चा सेन्सर लहान, पण त्याचे ठिपके बारीक आणि दाट आहेत, त्यामुळे पिंगळा डोक्यापासून पायापर्यंत साधारण ७७० ठिपक्यांत बसतो. तीच लेन्स अडॅप्टर लावून ए७आर-टू वर चढवलीस, तर त्याचे ठिपके मोठे असल्यामुळे तोच पिंगळा ६३५ ठिपक्यांत बसेल. कमी झाला! वरून ही लेन्स लहान सेन्सरसाठी बनवलेली, म्हणून फुल फ्रेमवर फोटोचे कोपरे काळे येणार. ते टाळायला कॅमेऱ्याला मधलाच भाग वापरायला सांगावं लागतं, आणि त्या मधल्या भागात मेगापिक्सेल उरतात १८. पैसे मोजून २४ वरून १८ वर यायचं!

आता उलटं कर. कॅमेरा आहे तोच ठेव आणि ४०० मिलिमीटरची लेन्स लाव. तोच पिंगळा, त्याच फांदीवर, सव्वाबाराशे ठिपक्यांत येतो. म्हणून पाखरांसाठी माझं मत पक्कं आहे: जुनी लांब लेन्स शोध, बॉडी नको. हिवाळ्यात वारीच्या धरणावर, हनुमान सागरला, पाणपक्षी बघायला जातेस तिथेही हेच. दूरचं बदक मेगापिक्सेलनं जवळ येत नाही.

पुन्हा लग्नाकडे येते, कारण पोट त्यावर आहे. तुला लोक बोलावतात ते का, याचा कधी विचार केलास? हळदीला, डोहाळजेवणाला, बारशाला बायकांच्या घोळक्यात तू मोकळी फिरतेस, आजी तुझ्यापुढे पदर सावरत बसत नाही, म्हणून. ते फोटो दुसऱ्याला मिळत नाहीत. आणि हे सगळं कुठे होतं? दहा बाय बाराच्या खोलीत, एका ट्यूबलाइटखाली, भिंत हिरवी. तिथे तुला पाहिजे १.८ ची एक लेन्स आणि छताकडे तोंड करून उडवता येईल असा फ्लॅश. लॅबमध्ये माझ्याकडे मोठ्या कॅमेऱ्यांच्या फाइली येतात, त्यात बाळाचं नाक हललेलं असतं आणि मावशींचे चेहरे हिरवे. मेगापिक्सेल जास्त असले की हललेला हातही जास्त बारकाईने दिसतो. ५० च्या लेन्सला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं शटर पुरे, हा जुना नियम ४२ मेगापिक्सेलला पुरत नाही. शटर दुप्पट वेगाचं तरी ठेवावं लागतं, मग उजेड अर्धा, आणि आपण परत ट्यूबलाइटपाशी.

या कॅमेऱ्याला कार्डाची खाच एकच. कार्ड बिघडलं तर मंगलाष्टकं परत म्हणायला भटजी येणार नाहीत. बॅटरी छोटी, कंपनीच्याच मोजणीत व्ह्यूफाइंडरमधून २९० फोटो, तुझी २००डी ६५० देते. म्हणजे सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत सहा-सात बॅटऱ्या पदराला बांधून फिर. फोर-के व्हिडिओ लांबवला की तो तापून बंद पडतो, ही त्याची जगभर गाजलेली तक्रार आहे, आणि आपली लग्नं एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या मांडवात. आवाज न करणारं शटर वापरून स्टेजच्या एलईडी उजेडात फोटो काढलेस तर त्यावर पट्टे येऊ शकतात. फाइलींचं तर विचारूच नको. न दाबलेली रॉ फाइल एकेक ८५ एमबीच्या आसपास. एका लग्नाचे दोन हजार फोटो म्हणजे १७० जीबी, आणि त्याची दुसरी प्रत ठेवायचीच. तुझा लॅपटॉप आत्ताच एक फोटो उघडताना दम खातो.

मग असा कॅमेरा कोणी घ्यावा? जो हलत नाही अशा गोष्टीचा फोटो काढतो त्यानं. आपल्याच जिल्ह्यात लोणारचं दैत्यसूदन मंदिर आहे. त्याच्या भिंतींवरची एकेक मूर्ती, तिच्या गळ्यातला एकेक मणी. सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा वाडा आहे. तिथे सकाळच्या तिरप्या उन्हात, ट्रायपॉडवर (पुरातत्त्व खात्याची परवानगी विचारून), सावकाश काम करायचं असेल तर जुना ४२ मेगापिक्सेलचा कॅमेरा आजही भारी आहे. ३०० ठिपक्यांनी त्याचा फोटो साडेसव्वीस बाय साडेसतरा इंच छापला जातो, आणि माणूस अगदी नाक लावून पाहू लागला तरी दगडावरची छिन्नीची रेघ दिसते. लोणारला तर २०२० मध्ये रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी पाणी गुलाबी झालं म्हणून जगभर फोटो गेले. भिंतीवर लावायला मोठे फोटो मागणारी गिऱ्हाइकं शेगावच्या हॉटेलवाल्यांत तुला मिळू शकतील. हे काम तू खरंच करणार असशील, आणि दोन गिऱ्हाइकं तोंडी तरी ठरली असतील, तर माझा विरोध नाही. फक्त मग टू सोडून थ्री बघ, २०१७ सालचा. सेन्सर तितक्याच मेगापिक्सेलचा, पण कार्डाच्या खाचा दोन, बॅटरी मोठी, व्ह्यूफाइंडरमधून ५३० फोटो. मधल्या फरकाचे पैसे त्या दुसऱ्या खाचेतच वसूल होतात. निकॉनचा झेड-७ ही कोणी दाखवेल. चांगला आहे, पण खाच एकच आणि कार्ड एक्सक्यूडी, नेहमीचं एसडी त्यात बसत नाही. कार्डाची किंमत ऐकून आई परत तेच म्हणेल.

एवढं सांगूनही पाहायला जाणारच असशील, तर एकटी जाऊ नको आणि संध्याकाळी जाऊ नको. भर उजेडात भेट. बिलावरचा नंबर, खोक्यावरचा नंबर आणि कॅमेऱ्याच्या बुडाचा नंबर, तिन्ही एक आहेत का पाहा. नसतील तर चहा पिऊन परत ये. विकणाऱ्याकडून कार्डातली एक फाइल जशीच्या तशी मागव, व्हॉट्सॲपवर नको, मेलवर. तिच्यात शटर किती वेळा पडलं तो आकडा दडलेला असतो, मी काढून देते. कंपनी ५ लाखांपर्यंतचं बोलते, पण लग्नवाल्याच्या हातचा कॅमेरा तिथवर लवकर पोचतो. एफ-१६ वर आभाळाचा एक फोटो काढ, सेन्सरवरची धूळ आणि ओरखडे काळ्या ठिपक्यांसारखे उठतील. टोपण लावून अर्ध्या मिनिटाचा फोटो काढ, रंगीत ठिपके फार दिसले तर सेन्सरचं बघावं लागेल. वर फ्लॅश लावून उडव. लेन्स चढवून हळूच हलव, खुळखुळली नाही पाहिजे. लेन्समधून मोबाइलची टॉर्च आरपार टाक. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. कॅमेरा कोकणात किंवा मुंबईत राहिलेला असेल तर हे आवर्जून. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात बुरशी कमी, पण धूळ... सोनाळ्याची धूळ मी तुला काय सांगू! शेवटी व्हिडिओ लावून वीस मिनिटं चालू ठेव आणि गप्पा मार. घाई करणाऱ्याकडून घेऊ नको.

पैशाचं बोलायला तुला आवडत नाही, पण बोलते. बचत गटातून उचलणार म्हणालीस. जाहिरातीतली रक्कम बॉडीची आहे. त्यात सोनीची बरी लेन्स मिळव. ती कधीकधी बॉडीच्याच किमतीला जाते. मग बॅटऱ्या, कार्डं, हार्ड डिस्क, आणि वर्षाच्या आत लॅपटॉप, कारण हा टिकणार नाही. सगळी बेरीज कागदावर मांड आणि गटाचा हप्ता किती लग्नांत फिटतो ते लिही. पावसाळ्यात मुहूर्त नसतात, ते चार महिनेही धर. ५० ची १.८ आणि एक फ्लॅश याला कर्ज लागणार नाही, तुझ्या गेल्या सीझनच्या पैशात येईल.

तरी जीव अडकलाच असेल तर असं कर. पुढच्या लग्नाला एक दिवसासाठी हा कॅमेरा लेन्ससकट भाड्यानं घे. अकोल्यात देणारे आहेत, ओळख मी काढते. नवरीचा एक फोटो त्यातून, एक तुझ्या २००डी तून, उजेड तोच, जागा तीच. दोन्ही फाइली मला पाठव, कोणती कोणाची ते सांगू नको. १२ बाय १८ वर छापते, मागे फक्त १ आणि २ लिहिते. पुढच्या रविवारी घरी येईन तेव्हा आईपुढे ठेवू. भाड्याचे पैसे माझ्याकडून.