पाहण्याआधी लिहिलेला कागद

गेल्या हिवाळ्यात आमच्या इतिहास विभागाची अभ्याससहल खुलताबाद व वेरूळ येथे गेली. बस सुटताच सरांनी प्रत्येकाच्या हाती एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, "जे पाहायचे आहे त्याविषयी आत्ता काय वाटते ते लिहा. परतताना तोच कागद वाचू."

मी तीन वाक्ये लिहिली. औरंगजेबाची कबर भव्य असणार. मलिक अंबराशी आपला काही संबंध नाही. आणि आमच्या वर्गातल्या एकुलत्या एका मुसलमान मित्राला खुलताबादची सारी माहिती असणार.

पहिले वाक्य खुलताबादेत पोहोचताच खोटे ठरले. दख्खन जिंकण्यासाठी आलेला औरंगजेब पंचवीस वर्षे लढला, दिल्लीला परतला नाही आणि १७०७ साली अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) वारला. त्याची कबर शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली आहे. वर घुमट नाही. भोवतीची संगमरवरी जाळीही नंतरच्या काळातली. कोणीतरी म्हणाले, "म्हणजे माणूस साधा होता तर!" सरांनी लगेच थांबवले. "कबर साधी आहे, एवढेच सिद्ध झाले. १६८९ साली संभाजीराजांचा ज्या क्रूरपणे वध झाला, तो या मातीने झाकला जात नाही. कबर पाहून माणसाचा निवाडा करू नका, आणि माणसावरून कबरीचा अंदाजही बांधू नका."

मलिक अंबराची कबरही खुलताबादेतच आहे. तिच्यावर मात्र देखणा घुमट आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला. त्याने वसवलेली खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२६ साली तो वारला.

तेथून वेरूळ अगदी जवळ. ३४ लेण्यांपैकी १२ बौद्ध, १७ हिंदू व ५ जैन, हे पाठ होते. एका डोंगरात सलग चालताना ते आकडे पायांना कळले. पण माझे दुसरे वाक्य मोडले ते लेण्यांत नव्हे, मालोजीराजांच्या गावात. मालोजींनी घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे अठराव्या शतकात तेच काम अहिल्याबाई होळकरांनी केले. याच मालोजींच्या मुलांची नावे शहाजी व शरीफजी. नगरच्या शाह शरीफ या पीरावरून ती ठेवली, असे परंपरा सांगते. १६२४ साली भातवडीच्या लढाईत हे दोघे भाऊ मलिक अंबराच्या बाजूने लढले. शरीफजी तेथेच पडले. शहाजीराजे मात्र पुढे लवकरच अंबराला सोडून गेले. सर म्हणाले, "याला मैत्रीही म्हणू नका, वैरही म्हणू नका. आधी राजकारण समजून घ्या."

तिसऱ्या वाक्याचा निकाल दर्ग्याच्या पायरीवरच लागला होता. मी मित्राला एकामागून एक प्रश्न विचारत होतो. तो म्हणाला, "अरे, मीही पहिल्यांदाच येतोय. पुस्तक तूच वाचून आलास ना?" मग थोडे थांबून म्हणाला, "कबरीपाशी उभे असताना सगळे माझ्याकडेच का पाहत होते?"

पाहणाऱ्यांत मीही होतो. मला उत्तर देता आले नाही.

परतीच्या प्रवासात एकेक कागद वाचला गेला. माझी पाळी आली तेव्हा मी पहिली दोन वाक्ये वाचली, चुका कबूल केल्या, आणि टाळ्याही मिळवल्या. तिसरे वाक्य वाचले नाही. मित्र शेजारीच बसला होता. पहिल्या दोन चुका ग्रंथालयात बसून दुरुस्त झाल्या असत्या. तिसरी मात्र रोज एका बाकावर बसूनही तीन वर्षे तशीच राहिली होती.

अंकासाठी लेख द्यायचा ठरल्यावर हा मजकूर मी आधी त्याला दाखवला. त्याने वाचून एवढेच म्हटले, "छाप. पण पुढच्या सहलीला कागद मीही लिहिणार, तुझ्याबद्दल."