नाकातून काढलेलं मांस टाकू देऊ नका

रामपायलीत उन्हाळ्यात कुणाचा घोळणा फुटला की कांदा हुंगायला देतात, टाळूवर पाणी थापतात आणि विषय संपतो. साठी उलटलेल्या मामांचा मात्र दरवेळी उजव्याच नाकपुडीतून फुटायचा, अगदी श्रावणातही. पुढे तीच नाकपुडी चोंदली. गावाचं निदान तयारच होतं: तळ्यातली आंघोळ बाधली. आमच्या तलावांच्या मुलखात ऱ्हायनोस्पोरिडिओसिस खरंच होतो, नाकात पांढऱ्या ठिपक्यांचं लालभडक मांस वाढतं. त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही.

एका दवाखान्यात ते मांस काढलं आणि टाकून दिलं. तपासायला पाठवलंच नाही. काही महिन्यांत ते परत वाढलं, या खेपेला काळपट.

नागपूरला पॅथॉलॉजिस्ट बाईंनी गाठीवरून खरवडलेल्या पेशी काचेवर पसरल्या आणि मलाही पाहू दिलं. एकमेकींना न धरता सुट्या पडलेल्या मोठाल्या पेशी, कडेला सरकलेलं केंद्रक, त्यात ठसठशीत ठिपका, आणि भोवती तपकिरी कण. साचलेल्या रक्तातलं लोहही असंच तपकिरी दिसतं म्हणे. पण एका खास रंगाने ते निळं होतं. हे कण निळे झाले नाहीत. ते मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य होतं. मग तुकडा काढून एस-१०० आणि एचएमबी-४५ या तपासण्या केल्या, तेव्हा नाकाच्या अस्तराचा मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, पक्का झाला.

सगळ्या मेलानोमांत नाकातला शंभरात एकही नसतो. तो डॉक्टरांच्या मनात आधी येणार नाही, हे मला पटतं. पण काढलेलं मांस बरणीत घालून पाठवायला मनात काही यावं लागत नाही.

काळेपणाची वाट पाहू नका. हा कर्करोग कित्येकदा बिनरंगी असतो आणि लिम्फोमासारखा दिसून चकवतो. पन्नाशीनंतर एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल, तीच चोंदत असेल, तर दुर्बिणीतून नाक तपासून घ्या. शस्त्रक्रियेआधीच विचारा, "हे बायप्सीला जाणार ना?" तुकडा फॉर्मालिनमध्ये जातो, साध्या पाण्यात नव्हे. काचेवरच्या पेशींत काही सापडलं नाही म्हणून बायप्सी टाळू नका. आणि दुसऱ्या रुग्णालयात जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या. मामांची शस्त्रक्रिया आणि किरणांचा शेक ठरवण्याआधी तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तोच मागितला.