‘अनआर्म्ड’ या शब्दाचा अर्थ

इंग्रजी उताऱ्याचें भाषांतर करितांना ‘अनआर्म्ड’ हें विशेषण आलें म्हणजे कित्येक विद्यार्थी ‘दुर्बल’ किंवा ‘असहाय’ असा शब्द योजून पुढें जातात. ही चूक लहान दिसते. परंतु तिच्या योगानें ज्या मनुष्याविषयीं वाक्य आहे त्याला अन्याय होतो.

‘आर्म्स’ म्हणजे शस्त्रें. हा शब्द मूळ लॅटिन असून फ्रेंच भाषेच्या द्वारें इंग्रजींत आला. बाहु या अर्थाचा ‘आर्म’ हा शब्द निराळा. म्हणून हात नसलेल्यास ‘आर्मलेस’ म्हणावें, ‘अनआर्म्ड’ म्हणूं नये. ‘अन’ हा उपसर्ग अभाव दाखवितो. तेव्हां ‘अनआर्म्ड’ म्हणजे निःशस्त्र, इतकेंच.

मात्र शस्त्र म्हणजे केवळ तरवार नव्हे. दावीदानें शौल राजाची तरवार उतरून ठेविली, तरी गल्याथापुढें तो अनआर्म्ड नव्हता. कारण त्याच्यापाशीं गोफण व पांच गोटे होते.

या शब्दाच्या दोन शेजाऱ्यांची ओळखहि असावी. ज्याचें शस्त्र काढून घेतलें तो ‘डिसआर्म्ड’. ज्याला बचावाचें कांहींच साधन नाहीं तो ‘डिफेन्सलेस’. अनआर्म्ड मनुष्य डिफेन्सलेस असेल किंवा नसेलहि. भोंवतालची परिस्थिति पाहून तें ठरवावें लागतें.

ता. १३ एप्रिल १९१९ रोजीं अमृतसरच्या जालियनवाला बागेंत जमलेला समुदाय अनआर्म्ड होता. बागेस भिंतींचा वेढा, वाटा अरुंद, आणि मुख्य वाटेवर सैनिक गोळीबार करीत उभे. म्हणून तो डिफेन्सलेसहि होता. तेथें दोन्ही शब्द शोभतात.

ता. २१ मे १९३० रोजीं गुजरातेंतील धारासणा येथील मिठागराकडे सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें २,५०० सत्याग्रही गेले. डोक्यांवर लाठ्या पडत असतां त्यांनीं वार चुकविण्यासहि हात वर केला नाहीं. वेब मिलर या अमेरिकन वार्ताहरानें तें दृश्य पाहून जगास कळविलें. हे लोकहि अनआर्म्डच. परंतु शस्त्र न धरणें हा त्यांचा निश्चय होता. त्यांस ‘दुर्बल’ म्हणणें सत्याला सोडून होईल.

विद्यार्थ्यांनो, ‘अनआर्म्ड’ हा शब्द हात रिकामे आहेत एवढेंच सांगतो. मन दुबळें आहे असें सांगत नाहीं. यास्तव भाषांतर करितांना ‘निःशस्त्र’ असेंच लिहावें, आणि त्यांत आपल्या पदरची कींव मिसळूं नये.